तीनशे फुटांचा डोंगर

डोंगर पाहायला म्हणून कोणी मिनेसोटात जात नाही. अमेरिकेच्या उत्तरेला, कॅनडाला टेकून बसलेले हे राज्य सरोवरांचे. मोटारींच्या नंबरपाट्यांवरसुद्धा दहा हजार सरोवरांची जाहिरात! बाकी जमीन म्हणाल तर पोळपाटासारखी. साऱ्या राज्यातले सर्वांत उंच शिखर २,३०१ फुटांचे, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या निम्म्याहून थोडेसेच अधिक. अशा या राज्यात, मिनिआपोलिस शहराच्या दक्षिणेला, बर्न्सव्हिल नावाच्या उपनगरात, हमरस्त्याला अगदी खेटून एक टेकडी आहे. तिचे नाव बक हिल. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे तीनशे फूट. पुण्याच्या वाचकांनी पर्वती डोळ्यांपुढे आणावी, तिच्यावरची देवळे आणि पायऱ्या वगळाव्यात आणि उरलेल्या टेकडीवर चार महिने बर्फ पसरावे, की झाले बक हिल!

पण याच टेकडीवर घसरायला शिकलेल्या लिंडसी व्हॉन या मुलीने २०१० साली व्हँकुव्हरच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये डाउनहिलचे सुवर्णपदक मिळवले, आणि २०१९ साली तिने खेळ थांबवला तोवर विश्वचषकाच्या ८२ शर्यती तिच्या नावावर जमा झाल्या होत्या. तिच्या आधी क्रिस्टिना कोझनिक याच टेकडीवरून निघाली आणि तीन ऑलिंपिक खेळली. आल्प्सच्या कुशीत जन्मलेल्या मुलींना मागे टाकणाऱ्या मुली या पोळपाटावर कशा तयार होतात, हे कोडे मला बरेच दिवस होते. २०२५ च्या जानेवारीत ते कोडे जवळून पाहण्याचा योग आला. माझा भाचा तिथून पंधरा मिनिटांवर राहतो आणि त्याची पंधरा वर्षांची मुलगी या टेकडीवर शर्यती खेळते. "मावशी, उन्हाळ्यात सगळेच येतात, तुम्ही एकदा हिवाळ्यात या," असे भाचेसुनेने कळवले. मी तीन स्वेटर विणून बरोबर घेतले आणि निघाले.

संध्याकाळी पाचला तिथे दिवेलागण होऊन गेलेली असते. साडेपाचला आम्ही पायथ्याशी पोचलो तेव्हा सारा उतार मोठमोठ्या दिव्यांनी उजळला होता. एका अंगाला हमरस्त्यावरून घरी परतणाऱ्या मोटारींची रांग, दुसऱ्या अंगाला गोठलेले क्रिस्टल लेक. पारा शून्याखाली अठरा. माझ्या डोळ्यांतले पाणी पापण्यांवरच गोठू लागले. नात मात्र, "मावशीआजी, आज हवा चांगली आहे," असे म्हणत मोटारीतून उतरली आणि स्की खांद्यावर टाकून चालती झाली.

वर जायला तारेवरच्या खुर्च्या आहेत. पण शर्यतीची मुले त्यांत क्वचितच बसतात. त्यांच्यासाठी एक जाड दोर यंत्रावर अखंड फिरत असतो. तो मुठीत धरायचा, की हिसक्यासरशी माणूस वर! दोर हातमोजे खातो म्हणून त्यांच्यावर चामड्याचे दुसरे आवरण. वर पोचायला मिनिटभर, खाली यायला वीस-पंचवीस सेकंद, की पुन्हा दोर. मी पहिल्या मजल्यावरच्या काचेमागे ऊब घेत बसले होते. शेजारी इतर मुलांच्या आया डबे उघडून बसलेल्या, एक मुलगा बुटांसकट गणिताची वही घेऊन बसलेला. मी नातीच्या फेऱ्या मोजू लागले. पंचविसापर्यंत मोजल्या आणि मग नाद सोडला.

कोड्याचे उत्तर मला त्या काचेमागेच मिळाले. मोठ्या डोंगरावर मुलांचा निम्मा वेळ वर जाण्यात जातो. इथे डोंगरच नाही, त्यामुळे वेळ वाया घालवायला जागा नाही! एरिक सेलर नावाचे ऑस्ट्रियात जन्मलेले प्रशिक्षक १९६९ साली या टेकडीवर आले आणि त्यांनी हिच्या ठेंगणेपणाचेच भांडवल केले. तेच वळण, तोच उतार, एका संध्याकाळी तीस-चाळीस वेळा. आपल्याकडे गवयाच्या घरी पोरे पहाटे उठून पलटे घोटतात, तसलाच हा प्रकार. राग पुढे यायचा तेव्हा येईल. आधी गळा तयार झाला पाहिजे.

ज्या शर्यतीचे हे पलटे, तिचे नाव स्लॅलम. आणि गंमत अशी की या बर्फाळ खेळाचा जनक जन्मला आपल्या मद्रासेत! अर्नॉल्ड लन हे १८८८ साली मद्रासला एका इंग्रज धर्मोपदेशकाच्या पोटी जन्मले. पुढे १९२२ साली स्वित्झर्लंडमधल्या म्युरन गावी त्यांनी उतारावर काठ्या रोवून पहिली आधुनिक स्लॅलम शर्यत घेतली. नुसते वेगाने खाली येणे हा पराक्रम खरा, पण दाट झाडीतून वळणे घेत सुखरूप उतरणे हे खरे कसब, आणि काठ्या म्हणजे जणू ती झाडे, असा त्यामागचा विचार. ऑलिंपिकने या उतारावरच्या शर्यती १९३६ साली आपल्याशा केल्या.

आता चार प्रकार आहेत. स्लॅलममध्ये लाल आणि निळ्या काठ्यांची दारे अगदी जवळजवळ. जायंट स्लॅलममध्ये ती लांब. सुपर-जीमध्ये आणखी लांब. आणि डाउनहिलमध्ये दारे थोडी नि वेग भन्नाट. प्रत्येक दारातून दोन्ही पाय गेलेच पाहिजेत; एक दार चुकले की शर्यत बाद. स्लॅलम आणि जायंट स्लॅलमच्या दोन फेऱ्या होतात, दोन्हींच्या वेळांची बेरीज करतात आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतो. स्लॅलमच्या काठ्या बुडाशी वाकतात, म्हणून खेळाडू त्यांना वळसा घालण्याऐवजी नडग्यांनी आणि मुठींनी आडव्या पाडत जातात. नातीच्या नडग्यांवर क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखी ढाल होती, तरी घरी आल्यावर निळे डाग मोजायचा कार्यक्रम व्हायचाच.

मूल या खेळात शिरते कसे, ते आता सांगते; कारण आपल्याकडच्या आयांना हाच प्रश्न पडेल. आधी नुसते घसरायला शिकायचे: थांबता येणे, वळता येणे आणि पडल्यावर उठता येणे. मग टेकडीवरच्या क्लबात नाव घालायचे. आठ-नऊ वर्षांच्या मुलांपुढे उंच काठ्या नसतात, गुडघ्याएवढी खुंटे असतात. त्यांची ढकलाढकल पाहताना शर्यत कमी आणि भोंडला जास्त वाटतो. पुढे दहाच्या आतले, बाराच्या आतले, चौदाच्या आतले, सोळाच्या आतले, असे वयाचे गट. ज्याला क्लबाची बांधिलकी नको त्याच्यासाठी १९६८ पासून 'नॅस्टार' नावाची सोय आहे. त्यात आजोबासुद्धा काठ्यांतून उतरतात. त्यांची वेळ देशातल्या अव्वल खेळाडूच्या वेळेशी ताडून, वयाचा मान राखून, त्यांना पदक देतात.

खर्च मात्र सोसावा लागतो. स्लॅलमच्या स्की निराळ्या, जायंट स्लॅलमच्या निराळ्या. मुलाची उंची वाढली की दोन्ही बाद. भाच्याच्या तळघरात एक कामाचे मेज आहे. शर्यतीच्या आदल्या रात्री बाप-लेक तिथे उभे राहून स्कीच्या पोलादी कडांना कानस लावतात आणि तळाला गरम इस्त्रीने मेण चोपडतात. त्या वासाने मला दिवाळीआधीच्या आमच्या माजघराची आठवण झाली. तळणाचा वास नव्हे, पण घाई तीच.

यापुढे लागते ती खरी शिडी. आपल्या मुली गाण्याला बसल्या की प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा देतात, तशाच इथेही पायऱ्या आहेत. फरक एवढाच, की इथे गुण जितके कमी तितके चांगले. जगातल्या सर्वश्रेष्ठाचे गुण शून्य आणि नवख्याची सुरुवात हजाराच्या जवळपास. भाच्याने मला हिशेब समजावून दिला. समजा, स्लॅलम पहिल्या मुलीने ५० सेकंदांत संपवली आणि आपल्या मुलीने ५२.५ सेकंदांत. म्हणजे ती पाच टक्क्यांनी मागे. त्याला स्लॅलमचा ठरावीक आकडा ७३० याने गुणायचे: ३६.५ गुण. त्यांत आणखी एक बेरीज करायची, ती त्या शर्यतीला किती पट्टीचे खेळाडू आले होते त्यावरून. जत्रेतली कुस्ती जिंकणे आणि महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात जिंकणे यांत फरक राहावा, एवढाच त्या बेरजेचा अर्थ.

सोळाव्या वर्षी आंतरराष्ट्रीय स्की संघाच्या, म्हणजे 'फिस'च्या शर्यतींचे दार उघडते. तिथे गुणांवरून क्रम लागतो. चांगल्या गुणांचे खेळाडू आधी सुटतात, त्यांना गुळगुळीत बर्फ मिळते; नवखा साठावा-सत्तरावा सुटतो, तोवर मार्गाला बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेल्या असतात. त्या चाकोऱ्यांतून वर यायचे. फिसच्या वरची पायरी खंडांच्या चषकांची: युरोप चषक, उत्तर अमेरिकेचा नॉर-अ‍ॅम चषक वगैरे. त्याच्या वर विश्वचषक, १९६७ पासून सुरू असलेला. तिथे पहिल्या फेरीतल्या पहिल्या तिसांनाच दुसरी फेरी मिळते. पहिल्याला १०० गुण, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६०, आणि तिसाव्याला एक. हे गुण मात्र जितके जास्त तितके चांगले! शेवटी दर चार वर्षांनी ऑलिंपिक.

आपल्या देशातूनही या शिडीवर माणसे चढली आहेत. १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकला जेरेमी बुजाकोव्स्की हे भारताचे पहिले हिवाळी ऑलिंपिकपटू उतरले. १९८८ साली कॅल्गरीला शैलजा कुमार या पहिल्या भारतीय महिला. मनालीच्या आंचल ठाकूरने २०१८ साली तुर्कस्तानात फिसच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवले, आणि काश्मीरच्या आरिफ खानने २०२२ साली बीजिंगला जायंट स्लॅलम पुरी करून पंचेचाळिसावा क्रमांक पटकावला. पंचेचाळिसावा म्हणून कोणी नाक मुरडू नये. त्या दिवशी कित्येकांची शर्यत मध्येच संपली होती. ज्यांच्या मुलांना हा नाद लागेल त्यांनी गुलमर्ग आणि औली ही दोन नावे लिहून ठेवावीत. दोन्हीकडे शिकवण्याची सोय आहे, आणि गुलमर्गला २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही होत आल्या आहेत.

असो. मी गेले त्या दिवसांत भाच्याच्या घरात एक प्रश्न तापत ठेवला होता. नात पुढल्या हंगामात सोळाची होणार. डोंगराळ राज्यांत अशा मुलांसाठी निवासी शाळा आहेत: सकाळी बर्फावर, दुपारी वर्गात. व्हरमाँटमधली १९७० साली निघालेली बर्क माउंटन अकॅडमी त्यांतली नामांकित. विश्वचषकाच्या शंभर शर्यती जिंकणारी मिकेला शिफ्रिन तिथलीच. अशाच एका शाळेतून नातीला येण्याबद्दल पत्र आले होते. महिनाअखेर होकार किंवा नकार कळवायचा होता.

भाचेसून म्हणत होती, "मावशी, तुम्हीच सांगा. पंधरा वर्षांची पोर दीड हजार मैलांवर ठेवायची, आणि कशासाठी? पुढे काय?"

भाच्याचे मत उलटे. नातीच्या गुणांचा तक्ता त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला होता. नोकरी, हप्ते, घराची डागडुजी या सगळ्यांत काटकसर करणारा हा माणूस या एका बाबतीत सैल हाताने बोलत होता. त्याचे कारण मला ठाऊक होते, भाचेसुनेला बहुधा नव्हते. दहावीच्या वर्षी माझ्या बहिणीने याची क्रिकेटची बॅट माळ्यावर टाकली होती. "पुढे काय?" हाच प्रश्न विचारून. शाळेच्या संघातून खेळणारा मुलगा; एका शब्दाने बोलला नाही, पास झाला, इंजिनियर झाला. पण तेव्हापासून तो क्रिकेटचा सामना कधी पुरा पाहत नाही.

आणि नात? ती जेवताना दोघांकडे आळीपाळीने पाहायची आणि ताट उचलून निघून जायची.

त्याच आठवड्यात तिच्या शाळेची शर्यत होती, त्याच टेकडीवर. मिनेसोटात शाळा-शाळांचे संघ असतात. विभागातून निवडलेली मुले फेब्रुवारीत उत्तरेकडच्या जायंट्स रिज या डोंगरावर राज्यस्पर्धेला जातात. या शर्यतींचा फिसच्या गुणांशी काही संबंध नाही. त्यामुळे भाच्याच्या तक्त्यात त्यांना रकानाही नव्हता.

शर्यतीपूर्वी मुलींना मार्ग पाहू देतात. दारांतून घसरत जाण्याची मुभा नाही. कडेकडेने, आडव्या स्कीने, हळूहळू उतरायचे आणि वळणे पाठ करायची. वर पोचल्यावर त्या मुली डोळे मिटून, हात हलवून तो मार्ग मनात उतरत होत्या. आमच्या आळीतल्या नृत्यवर्गात मुली रंगमंचावर जाण्यापूर्वी अशाच उभ्या राहत. पहिल्या फेरीत नात सातवी आली. भाच्याने खिशातून पेन काढले, मग रकाना नसल्याचे आठवून परत ठेवले.

दुसऱ्या फेरीत तिच्या संघातल्या दोन मुली दार चुकून बाद झाल्या होत्या. नात सुटली तेव्हा तिच्या संघाच्या मुली खाली श्वास रोखून उभ्या. वरची दहा-बारा दारे तिने अशी काही घेतली, की मलासुद्धा कळले ही वेगात आहे. आणि एका चाकोरीत तिचा पाय अडकला. ती मार्गाबाहेर फेकली गेली, दोन दारे खाली जाऊन थांबली. दार चुकले होते.

मला वाटले, संपले. भाच्यालाही तसेच वाटले असावे. तो पाठ फिरवून मोटारीच्या दिशेने दोन पावले चाललाही. पण स्लॅलमच्या नियमांत एक पळवाट आहे. पुढच्या खेळाडूच्या वाटेत येत नसाल, तर परत वर चढून चुकलेले दार घेता येते. नात चढू लागली. स्की पायांत तशाच, आडव्या पावलांनी, एक एक वीत. खाली घड्याळ धावत होते. तिच्या संघाच्या मुलींनी एकच गिल्ला केला. दुसऱ्या शाळेच्या मुलीही त्यात सामील झाल्या. ती चुकलेल्या दारापर्यंत पोचली, वळली आणि उरलेली सारी दारे नीट घेत खाली आली. सातवीची एकोणतिसावी झाली. पण तिची वेळ जमेस धरल्यामुळे संघाची बेरीज पुरी झाली आणि संघ तिसरा आला.

परत येताना मोटारीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग भाचा म्हणाला, "क्लबाच्या शर्यतीत तू परत चढली नसतीस."

"नाहीच," नात म्हणाली. "तिथे उशिरा पोचून काय उपयोग, बाबा? तसल्या वेळेचे गुण कोण मोजतं? सरळ बाजूने खाली यायचं. तिथे सगळे तसंच करतात."

त्यात तक्रार नव्हती. तिने नियम सांगितला होता. आणि नियम बरोबरच आहे. वरच्या पायऱ्यांवर जागा थोड्या आणि माणसे फार. तिथे शंभरावा भाग मोजल्याशिवाय निवड कशी व्हायची? त्या कठोर शिडीवाचून व्हॉन आणि शिफ्रिन झाल्या नसत्या. ज्या मुलीला तिथे जायचे आहे तिला जाऊ द्यावे, आणि आईबापांनी तेव्हा पाय ओढू नये. पण त्या दिवशी मला असेही दिसले, की शिडी वर निमुळती असली तरी खाली चांगली रुंद आहे. तिथे शाळांचे संघ आहेत, क्लबाची चिमुरडी आहेत, पदक मिरवणारे आजोबा आहेत. खेळ म्हणून जो काही आहे तो बहुतेक तिथेच राहतो.

रात्री जेवणे झाल्यावर नातीनेच विषय काढला. तिला जायचे नव्हते. पण सोडायचेही नव्हते. शाळेच्या संघातून शेवटच्या वर्षापर्यंत खेळायचे, क्लबातला सराव चालू ठेवायचा, जवळपासच्या फिसच्या शर्यतींत नशीब आजमावायचे, एवढे तिने मनाशी ठरवले होते. भाचेसुनेच्या खांद्यावरचे ओझे उतरलेले मला दिसले. भाचा मात्र ताटातल्या भातावर रेघा काढत राहिला.

मी त्याला एवढेच म्हणाले, "अरे, तिची बॅट कोणी माळ्यावर टाकलेली नाही. ती तिच्याच हातात आहे."

त्याने चमकून माझ्याकडे पाहिले. भाचेसूनही पाहू लागली, आणि मग ती जुनी गोष्ट तिला सांगावी लागली. सांगितली त्यानेच, मी नव्हे. नात दारात उभी राहून ऐकत होती. आजीने असे केले असेल यावर तिचा विश्वास बसेना. "पण तुम्ही बोलला का नाहीत, बाबा?" असे तिने दोनदा विचारले. त्याला उत्तर देता आले नाही.

मग सवयीने त्याच्या तोंडून निघून गेले, "बरं, मग पुढे काय?"

"पुढे मंगळवारी सराव आहे," नात म्हणाली आणि स्कींना मेण लावायला तळघरात निघून गेली. थोड्या वेळाने तोही तिच्या मागोमाग उतरला. वर आम्हा दोघींना कानशीचा आवाज ऐकू येऊ लागला.

मंगळवारी आम्ही चौघेही गेलो. पारा शून्याखाली वीस होता, आणि मी तिन्ही स्वेटर घातले होते.